छाती आहे, वही नाहीं

सध्यां गांवोगांवीं एक नवें कीर्तन चालूं आहे. शहरांतून कोणी वक्ता येतो, शाळेच्या पटांगणांत मांडव पडतो, कर्णे लागतात, आणि आमच्या पोरांना ओरडून सांगण्यांत येतें कीं, तुम्ही मागें राहिलांत याचें कारण तुमचें मन. तुमच्यांत धाडस नाहीं, तुम्हांला मोठीं स्वप्नें पडत नाहींत, तुमचा 'माइंडसेट' नोकराचा आहे! पोरें टाळ्या पिटतात. वक्ता आपलें पुस्तक खपवितो, पुढच्या शिबिराची फी सांगतो व मोटारींत बसून चालता होतो. त्या दिवशीं गांवांत धंदा झाला तो तेवढाच.

या कीर्तनाला आमचा उघड विरोध आहे. कुणब्याला धाडस शिकवावयास निघालेल्या माणसानें मृगाच्या तोंडावर एकदां बांधावर येऊन उभें राहावें. बायकोच्या अंगावरचा डाग गहाण ठेवून आणलेलें बियाणें हा माणूस उघड्या आभाळाखालीं मातींत टाकतो. पाऊस येईल कीं नाहीं ठाऊक नाहीं, भाव काय निघेल तें देवालाहि ठाऊक नाहीं. असा जुगार मुंबईचा कोणता शेटजी खेळेल? तो आधीं विमा उतरवील, भागीदार गांठील, दर ठरवून घेईल, मगच थैलीची गांठ सोडील. तेव्हां छातीचा प्रश्न आमच्याकडे नाहींच. छाती गरजेपेक्षां जास्तच आहे. नाहीं ती वही.

आमच्या बोलण्याचा शेतकरी बांधवांनीं राग मानूं नये. कोणत्याहि घरीं जा आणि विचारा, "पाटील, गेल्या सालीं कांद्याला एकरी खर्च किती आला?" "आला असेल पन्नासएक हजार." "त्यांत घरच्या माणसांची मजुरी धरली का?" यावर सारें घर हंसतें. "घरच्या माणसांची कसली मजुरी, मास्तर?" हुशार दुकानदार स्वतःच्या पोराला गल्ल्यावर बसवील तरी त्याचा पगार वहींत लिहील. आमच्याकडे बायको, म्हातारी आई आणि दोन पोरें चार महिने राबलीं तरी त्यांचा आंकडा शून्य.

दुधाचेंच घ्या. समजा, गाय दिवसाला १० लिटर दूध देते व डेअरींत लिटरला ३२ रुपये मिळतात. झाले ३२० रुपये. पेंड ५ किलो, ३५ रुपयांनीं, १७५. घरधनी म्हणतो, १४५ सुटले. आणि वैरण? ती म्हणे घरची! तीच २५ किलो वैरण ४ रुपयांनीं विकली असती तर १०० रुपये आले असते. राहिले ४५. शेण काढणें, वैरण कापणें, धार काढणें, दूध डेअरीला घालणें यांत नवरा-बायकोचे मिळून रोजचे सहा तास जातात. सहा तासांचे ४५ रुपये! शेणखत व वासरूं जमेला धरावें हें खरें, पण मग डॉक्टर आणि भाकड महिनेहि खर्चाला धरावे लागतात. आम्ही गाय विका असें म्हणत नाहीं. पण हें जो एकदां लिहून पाहतो त्याच्या डोक्यांत दुसऱ्याच दिवशीं प्रश्न उभे राहतात. मुरघास करून पाहावा काय? बांधावर घास लावावा काय? चार घरें मिळून पेंड एकदम आणावी काय? खवा करून आठवड्याच्या बाजारीं न्यावा काय? धंद्याचें मन म्हणतात तें हेंच, आणि तें कर्ण्यांतून येत नाहीं. आंकडा डोळ्यांपुढें आला म्हणजे येतें.

२०२३ च्या फेब्रुवारींत सोलापूरच्या बाजारांत एका शेतकऱ्यानें ५१२ किलो कांदा नेला. भाव निघाला किलोला १ रुपया. गाडीभाडें, हमाली, तोलाई वजा जातां त्याच्या हातीं २ रुपयांचा चेक पडला, तोहि पुढच्या तारखेचा. ही बातमी देशभर गाजली. या माणसाला कोणी स्वप्नें पाहावयास शिकवावें? निर्यातीचें आज एक उद्यां एक असें धोरण, साठवणीची टंचाई, खरेदीदारांची एकी हे बाजाराचे व सरकारचे रोग आहेत. ते शेतकऱ्याच्या मनावर ढकलणें ही शुद्ध लबाडी आहे. पण या बाजाराशीं भांडावयाचें तर हातांत कांहीं असावें लागतें. "परवडत नाहीं हो" ही झाली रड. "किलोला आमचा खर्च इतका, हा पाहा रोजचा उतारा" हें झालें भांडण.

कोणी म्हातारे म्हणतील, व्यापार आपल्या रक्तांत नाहीं. हें त्यांना कोणीं शिकविलें? ज्या ज्योतीराव फुल्यांचें नांव आपण घेतों, त्यांच्या घराण्याला तें नांवच फुलांच्या धंद्यावरून पडलें. ज्योतीराव स्वतः पुणें कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या कारभारांत होते. खडकवासल्याचें धरण, येरवड्याचा पूल अशा कामांत त्यांनीं ठेकेदारी केली, छापखान्याचे खिळे पाडण्याचे साचे विकण्याची एजन्सी चालविली. त्यांच्या तसबिरीला हार घालणाऱ्यांना हे ज्योतीराव ठाऊकच नसतात!

नगर जिल्ह्यांतील लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील हे कांहीं कॉलेजांत गेले नव्हते. त्यांनीं शेतकऱ्यांकडून भाग-भांडवल गोळा केलें, अर्थशास्त्री धनंजयराव गाडगिळांना सोबत घेतलें, १९४८ सालीं प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याची नोंदणी झाली आणि १९५० अखेर गाळप सुरूं झालें. सगळे वक्ते हीच गोष्ट सांगतात आणि त्यास जिद्दीचा विजय म्हणतात. ते एक गोष्ट मात्र गाळतात. विखे पाटलांनीं लोणीला पतपेढी काढली ती १९२३ सालीं. कारखान्यापूर्वीं २५ वर्षें कोणाला किती दिलें, किती परत आलें, कोणाचें कां बुडालें, हें त्या गांवानें कागदावर पाहिलें होतें. जिद्द तर पुष्कळांना असते. (पुढें जेथें सभासदांनीं ताळेबंद वाचावयाचें सोडलें, तेथें कारखान्यांचें काय झालें, हें आम्हीं सांगावयास नको.)

नाशिक-सांगलीकडचे द्राक्ष बागाइतदार हें अधिक खर्च करून शिकले. २०१० सालीं युरोपांत गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सांपडला, माल अडला, कित्येकांचें वर्ष बुडालें. तेव्हांपासून निर्यातदाराच्या घरीं कोणतें औषध, कोणत्या तारखेला, किती मारलें, ही नोंद देवघरांतल्या पोथीसारखी जपली जाते. नोंद नाहीं तर कंटेनर नाहीं.

कारागीर बांधवांची गोष्ट याहून कठीण आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तरी २०२५ च्या जूनमध्यें मिलान शहरांत प्राडा या इटलीच्या कंपनीनें तसलीच चप्पल मिरविली, आणि आरंभीं कोल्हापूरचें नांव सुद्धां घेतलें नाहीं. ओरड झाली तेव्हां घेतलें. या कंपनीला नांवाची किंमत कळते. आमच्या चर्मकार बांधवाला चामड्याची किंमत तोंडपाठ असते. वेणी घालणाऱ्या घरच्या बाईच्या दिवसाची किंमत विचारा, तो गप्प बसतो. सप्टेंबर २०२३ पासून केंद्राच्या विश्वकर्मा योजनेंत १८ धंद्यांतल्या कारागिरांना हत्यारांसाठीं १५,००० रुपये व ५ टक्क्यांनीं आधीं १ लाख, मग २ लाख कर्ज, अशी तरतूद झाली. तें अवश्य घ्यावें. पण मडक्याला, विळ्याला, चपलेला आपला खर्च काय येतो हें ठाऊक नसतां कर्ज घेणारा एका धन्याच्या जागीं दुसरा धनी करतो.

आणि एक गोष्ट वहीनेंहि भागत नाहीं. कोल्हापुरांत गंगाराम कांबळे यांनीं चहाचें हॉटेल काढलें, तेव्हां त्यांच्यांत मन होतें, हुशारी होती, भांडीं झकपक होतीं. गिऱ्हाईक नव्हतें, कारण जात आडवी आली. शाहू महाराज आपली गाडी थांबवून स्वतः तो चहा पीत, तेव्हां इतरांचा घोट खालीं उतरला. त्या हॉटेलवाल्याला 'माइंडसेट' सांगावयास कोणी गेला असता तर? आज आपण स्वतःला विचारावें कीं, कोणाच्या दुकानीं आपण चढतों आणि कोणाच्या दुकानावरून आडनांव वाचून पुढें जातों.

आम्ही स्वतः पगारी माणसें. धंद्याचा उपदेश आम्हीं करावा, हें कोणाला विनोदी वाटेल. वाटूं द्या. पण वर्गांत उभें राहून आम्हांला एक गोष्ट दिसते ती पगारी नसलेल्याला दिसत नाहीं. गणिताच्या उदाहरणांत नफा-तोटा होतो तो बहुधा दुकानदाराला. शेतकरी येतो तो शेताला तारेचें कुंपण घालावयाला, नाहीं तर जमिनीची तीन मुलांत वांटणी करावयाला! हीं उदाहरणें सोडवून मोठा झालेला पोरगा पुढें पुण्याला खोली घेऊन स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला बसतो. जागा थोड्या, उमेदवार लाखों. पांच-सहा वर्षांनीं तो परततो तेव्हां बापाचें अर्धें एकर गेलेलें असतें, आणि तो खर्चहि कोणी कोठें लिहिलेला नसतो.

म्हणून आमचें मागणें लहान आहे. एक दोनशें पानी वही आणावी. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च, आणि शेवटीं एक रकाना तासांचा: कोण किती राबलें. बायकांचे तास प्रथम. बचत गटांत ज्या बायांनीं दहा दहा रुपयांचा हिशेब चोख ठेवला आहे, त्या हें काम पुरुषांपेक्षां बरें करतील असा आमचा अनुभव आहे. लिहावें सातवी-आठवींतल्या मुलीनें किंवा मुलानें, व रविवारीं रात्रीं जेवणाआधीं मोठ्यानें वाचून दाखवावें. लग्न, बारसें, जत्रा यांना वेगळें पान. सोसायटीचें पीककर्ज काढून तें मांडवाला लावणारीं घरें आम्हांला पाठ आहेत, नांवें येथें देत नाहीं. दहा घरांच्या वह्या भरल्या म्हणजे त्या एका ओट्यावर शेजारीं शेजारीं मांडाव्या. एकाच वाणाच्या बियाण्याला दहा जणांनीं दहा दर दिलेले निघतील. मग पुढच्या हंगामाला दुकानीं दहाहि जण एकदम जावें, अडत्याकडेहि एकदम जावें.

एका शंकेखोर पाटलांनीं आम्हांला विचारलें, "मास्तर, वही ठेवली आणि सरकारनें कर बसविला तर?" शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नाहीं, हें त्यांना सांगितलें. तरी त्यांचें समाधान दिसलें नाहीं. तेव्हां त्यांना व इतर सर्वांना कळवितों कीं, कर बसण्याइतकी जमेची बाजू फुगलेली शेतकऱ्याची एक जरी वही गांवांत निघाली, तरी ती आम्हांला शाळेंत आणून दाखवावी. नफा-तोट्याच्या धड्याला आम्ही तीच घेऊं.