बोलणं हीच कृती



प्रोग्रॅममध्ये दोन तऱ्हेच्या ओळी असतात. काही स्क्रीनवर नुसती अक्षरं छापतात, तर काही डेटाबेसमधली नोंदच बदलून टाकतात. माणसांच्या बोलण्याबद्दल असाच विचार ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्डमधल्या व्याख्यानांत मांडला. "बाहेर पाऊस पडतोय" ही माहिती झाली. पण "शब्द देतो" म्हटलं, की ते वचनाचं वर्णन नसतं, वचनच असतं. बोलण्याचे तीन पदर ते वेगळे करतात: काय म्हटलं, म्हणताना काय केलं, आणि ऐकणाऱ्यावर काय परिणाम झाला.

हे डोक्यात ठेवून चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) पाहा. मुंबईतले शाहीर नारायण कांबळे यांना अटक होते. आरोप असा, की त्यांचं गाणं ऐकून एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. आत्महत्येला प्रवृत्त करणं हा तेव्हाच्या दंड संहितेच्या कलम ३०६ खाली गुन्हा होता. म्हणजे शब्द ही कृती असू शकते, हे कायद्यालाही मान्य आहे. सगळा खटला मधल्या पदरावर उभा आहे: शाहिराने गाऊन नेमकं काय केलं? निषेध, शोक, की चिथावणी? त्या उत्तरावर एका म्हाताऱ्या माणसाचा तुरुंगवास ठरणार आहे.

आता कामगाराच्या बायकोची साक्ष ऐका. नवरा गटारात उतरण्याआधी खडा टाकायचा. झुरळं बाहेर आली, की आत हवा आहे असं समजायचा. ती कुणालाही दोष देत नाही, विचारलं तेवढंच सांगते. पण आपल्या कानांना ते आरोपपत्रासारखं ऐकू येतं. शब्द माहितीचे, परिणाम मात्र फार वेगळा.

आणि न्यायाधीश? ते आवाजसुद्धा चढवत नाहीत. पुढची तारीख देतात आणि माणूस आत राहतो. चित्रपटातली सर्वांत ताकदवान वाक्यं अशी कारकुनी सुरातली आहेत, कारण त्यांच्यामागे खुर्ची आहे. तेच शब्द तुम्ही-आम्ही उच्चारले, तर काहीच घडणार नाही.

बचावाचे वकील विनय वोरा घरी आईवडिलांशी गुजरातीत बोलतात. आपल्याला बडोद्यात राहून तिथे सबटायटलची गरज पडत नाही, हा आपला फायदा. पण मराठी संवादांसाठी आपल्यातले बरेच जण सबटायटल वाचतात, आणि तिथे अर्थ उरतो, कृती गळते. निघताना आपण "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. त्याचं भाषांतर 'बाय' झालं, की परत यायचं आश्वासन गेलं. आजीचं "राहू दे, मी करते" ही परवानगी नसते, हे घरात वाढलेल्याला कळतं. नुसता शब्दार्थ कळणारा मात्र खुशाल बसून राहतो. आपली मुलं मराठी बोलतील की नाही, याची आपण काळजी करतो. तितकीच काळजी त्यांना हे ऐकू येतं की नाही याचीही करायला हवी.

तेव्हा पुढचा मराठी चित्रपट मुलांबरोबर बघताना अधूनमधून थांबवा आणि विचारा: "याने आत्ता काय म्हटलं?" नव्हे, "याने आत्ता काय केलं?" उत्तरांवरून घरात वाद झाला तर उत्तमच.