गोंगाटातली दिशा

लहर कोणत्या दिशेने आली, हे एकट्या साध्या अँटेनाला सांगता येत नाही. अर्ध्या तरंगलांबीच्या अंतरावर दोन अँटेना उभे केले आणि लहर समोरच्या रेषेशी ३० अंशांचा कोन करून आली, तर दोघांच्या नोंदींत ९० अंशांचा कलाफरक पडतो. एकाच क्षणाच्या नोंदीत मात्र हा फरक गोंगाटात बुडून जातो. म्हणून पुष्कळ नोंदी घेऊन दर दोन अँटेनांमधला सहसंबंध काढतात. लहरीचा ठसा सगळीकडे सुसंगत उमटतो. गोंगाट प्रत्येक अँटेनावर स्वतंत्र असल्याने सरासरीत विरत जातो.

या सहसंबंधांच्या मॅट्रिक्समधून संदेशाचा भाग आणि निव्वळ गोंगाटाचा भाग वेगळे करता येतात. राल्फ श्मिट यांची ‘म्युझिक’ पद्धत एकेक दिशा तपासून गोंगाटाच्या भागाशी काटकोनात असलेली दिशा निवडते. ती अचूक आहे, पण आकडेमोड फार.

ही शोधाशोधच ‘एस्प्रिट’ या पद्धतीने वाचवली. अँटेनांचे दोन सारखे संच घेऊन त्यांच्यातल्या कलाफरकावरून ती थेट कोन काढते. १९८०च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये ती घडवणाऱ्यांत रिचर्ड रॉय आणि आरोग्यस्वामी पॉलराज यांच्यासोबत थॉमस कैलाथ होते. कैलाथ जन्माने पुणेकर, १९५६ साली पुण्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतलेले. महाराष्ट्रातल्या वर्गांत हे नाव अधिक आवर्जून घेतले जायला हवे.

एखाद्या गावात मोबाइलची लहर घरांवर आदळून परतली की मूळ लहर आणि प्रतिध्वनी सुसंगत होतात आणि दोन्ही पद्धती चुकतात. तेव्हा अँटेनांची रांग एकमेकांवर चढणाऱ्या तुकड्यांत विभागून त्यांच्या सहसंबंधांच्या मॅट्रिक्सची सरासरी आधी घ्यावी लागते.