किलर व्हेलवरील पीसीबीचे सावट

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील टायरी बेटाच्या किनाऱ्यावर जानेवारी २०१६ मध्ये ‘लुलू’ नावाने परिचित असलेली किलर व्हेल मादी मृतावस्थेत आढळली. मासेमारीच्या दोरात अडकून तिचा मृत्यू ओढवला होता. मात्र शास्त्रज्ञांना अस्वस्थ केले ते तिच्या चरबीच्या तपासणीने. चरबीत पीसीबी, अर्थात पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल या रसायनांचे प्रमाण किलोमागे ९५७ मिलिग्रॅम इतके आढळले. सागरी सस्तन प्राण्यांवर दुष्परिणाम सुरू होण्याची मर्यादा सर्वसाधारणपणे ९ मिलिग्रॅम मानली जाते. किमान २० वर्षे वयाच्या या मादीने एकदाही पिलाला जन्म दिला नसल्याचेही तपासणीत दिसून आले. तिच्या समूहात दोन दशकांहून अधिक काळात एकही नवे पिलू नोंदले गेलेले नाही आणि अलीकडच्या वर्षांत त्यातील जॉन को आणि अक्वेरियस हे दोन नरच दृष्टीस पडले आहेत.

नावात व्हेल असले, तरी हा डॉल्फिनच्या कुळातील सर्वांत मोठा प्राणी आहे. समुद्रात त्याची शिकार करणारा कोणी नाही, आणि नेमके हेच श्रेष्ठत्व त्याच्या मुळावर आले आहे. पीसीबी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत मात्र साठून राहते. सूक्ष्मजीवांकडून माशांत, माशांकडून सीलमध्ये आणि सीलकडून किलर व्हेलमध्ये जाताना त्याचे प्रमाण प्रत्येक टप्प्यावर वाढत जाते. मादीच्या शरीरातील साठा गर्भावाटे आणि दुधावाटे पिलाकडे जातो. पहिल्या पिलाच्या वाट्याला त्याचा सर्वाधिक भाग येतो. नराला असा उतार नाही. त्याच्या शरीरातील साठा वयाबरोबर वाढतच राहतो.

ट्रान्सफॉर्मर व कपॅसिटरमधील तेल, रंग आणि इमारतींचे सांधे भरण्याचे साहित्य यांसाठी १९२९ पासून ही रसायने व्यापारी प्रमाणावर तयार होऊ लागली. सहजी न पेटणे आणि न कुजणे, हे त्यांचे गुण उद्योगांना सोयीचे ठरले. जगभरात सुमारे १० ते १५ लाख टन उत्पादन झाल्याचा अंदाज आहे. अमेरिकेने १९७९ मध्ये उत्पादनावर बंदी घातली, इतर देशांनीही तोच मार्ग पत्करला. पण बंदीपूर्वी तयार झालेला माल यंत्रांत आणि इमारतींत तसाच राहिला.

‘सायन्स’ नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने, पीसीबीमुळे जगातील निम्म्याहून अधिक किलर व्हेल समूह येत्या शंभर वर्षांत धोक्यात येतील, असे भाकीत केले. ब्रिटन, जिब्राल्टरची सामुद्रधुनी आणि जपाननजीकच्या समूहांना अधिक धोका असल्याचे त्यात म्हटले आहे. हे गणिती प्रारूपावर बेतलेले अनुमान आहे, हे ध्यानात ठेवायला हवे. कॅनडा आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील समूहाला तर चिनूक सामन माशांची टंचाई आणि जहाजांचा गोंगाट यांनाही तोंड द्यावे लागत आहे.

२००४ मध्ये अमलात आलेल्या स्टॉकहोम करारानुसार पीसीबीयुक्त उपकरणांचा वापर २०२५ पर्यंत थांबवणे आणि २०२८ पर्यंत अशा कचऱ्याची सुरक्षित विल्हेवाट लावण्यासाठी निर्धाराने प्रयत्न करणे अपेक्षित आहे. भारत २००६ मध्ये या करारात सहभागी झाला. २०१६ च्या आदेशान्वये भारतात पीसीबीचे उत्पादन आणि आयात यांवर बंदी आली. खरी अडचण अंमलबजावणीची आहे. ट्रान्सफॉर्मरमधील तेलात पीसीबी आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणी लागते. तपासणीविना भंगारात निघालेल्या ट्रान्सफॉर्मरचे तेल जमिनीवर सांडले, तर पावसाच्या पाण्याबरोबर वाहणाऱ्या गाळातून ते नदीत आणि पुढे समुद्रात पोहोचू शकते.