फॉरमॅटला हो म्हणण्याआधी
भगिनींनो, दुकानदार सहज म्हणतो, "विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल." लगेच हो म्हणू नका. डेस्कटॉपवरचं सगळं बहुधा सी ड्राइव्हमध्येच असतं: निकाहचे फोटो, अब्बांच्या हजचे व्हिडिओ, मुलांच्या शिष्यवृत्तीचे कागद. सी फॉरमॅट झाला की तेही गेलं. आधी ते पेन ड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. नुसतं कॉपी झालं म्हणून भागत नाही. विंडोज १० किंवा ११ असेल तर ‘रीसेट धिस पीसी’मध्ये ‘कीप माय फाइल्स’ निवडा. फाइली राहतात, बाहेरून टाकलेले प्रोग्रॅम जातात. उर्दूचं इनपेज पुन्हा टाकावं लागेल. बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधीच वहीत उतरवा. तिच्याविना ते कुलूप दुकानदारालाही उघडत नाही.