आधी गटार, मग डांबर



दिवाळी सरली, कारखान्यांची धुराडी पेटली आणि उसाच्या ट्रॉल्या रस्त्याला लागल्या. आता गावात गेलो की खताचे नि बियाण्याचे राहते बाजूला, लोक विचारतात ते रस्त्याचे. "साहेब, पावसाने रस्ता नेला. मागल्या साली डांबर टाकले होते, तेही गेले. असे किती दिवस चालायचे?" मी पिकाचा माणूस, बांधकाम खात्याचा नव्हे. तरी आज रस्त्यावर लिहितो आहे, कारण रस्ता पाण्याने मोडतो आणि ते पाणी बहुतेक वेळा तुमच्या-माझ्या रानातून आलेले असते.

जुलै 2021 आठवा. 22-23 तारखेच्या पावसात महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस पडला. माण तालुक्यात अख्ख्या वर्षात एवढा पडत नाही. हिशेब करून पाहा, एका एकरावर हे पाणी 24 लाख लिटरांच्या आसपास होते. दहा हजार लिटरांचे टँकर म्हटले तर दोनशे चाळीस, आणि तेही एका दिवसात एका एकरावर ओतलेले! त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या, माणसे गाडली गेली. वाटेत दरडी, चिखल नि पाणी, त्यामुळे मदत पोचायला वेळ लागला. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट ठिकठिकाणी तुटला, प्रतापगडाच्या पायथ्याची गावे एकटी पडली. रस्ता म्हणजे उसाची नि दुधाची वाट, हे खरे. पण अशा रात्री तो औषधाची वाट असतो.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. साताऱ्याच्या डोंगरातला रस्ता आणि सांगलीच्या नदीकाठचा रस्ता, दोघांचेही दुखणे पाण्याचेच. पण ते एक नव्हे. डोंगरात पाणी धावते. ते उतारावरची माती सैल करते, रस्त्याच्या वरच्या अंगाने दरड आणते आणि खालच्या अंगाने भराव पोखरते. वरून डांबर शाबूत दिसते, खाली पोकळी झालेली असते. नदीकाठी पाणी बसते. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती. तिथे धोक्याची पातळी 45 फूट. पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांतले कितीतरी रस्ते दिवसेंदिवस पाण्याखाली राहिले. तिथली माती काळी. ती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते, हे तुम्हाला काय सांगायचे? जी माती ओली असताना आपण नांगर घालत नाही, तिच्यावरून पाणी ओसरल्याच्या दुसऱ्या दिवशी पंधरा टनांची गाडी नेतो. मग रस्ता खचतो आणि आपण म्हणतो, डांबर कमी टाकले.

कधी कधी कमी टाकलेले असतेही, ते मी नाकारत नाही. त्यावर पुढे सांगतो. आधी माझ्या घरचे सांगतो.

शिराळा तालुक्यात आमची वाडी आहे. वस्तीचा रस्ता आमच्या रानाकडेने जातो. रस्त्याच्या बाजूला गटार होते, चांगले दोन हात रुंद. ट्रॅक्टर रानात घालायला अडचण होते म्हणून आमच्या थोरल्या बंधूंनी त्यात दगड-माती टाकून वाट केली. नळा घातला नाही. पुढे त्या भरावाच्या वरच्या बाजूला गटार आपोआप गाळाने भरत गेले, तेव्हा तिथवर उसाची एक सरी वाढवली. मी सुट्टीला जात होतो, बघत होतो. गावोगाव पाणलोटावर भाषणे देणारा बी.एस्सी. ॲग्री झालेला माणूस, पण थोरल्या भावाला तोंड उघडून म्हणालो नाही की दादा, हे पाणी जाणार कुठे?

त्या जुलैत ते गेले. गटार बंद म्हणून पाणी रस्त्यावर चढले, आडवे वाहिले आणि शंभर पावलांवर पलीकडचा भराव घेऊन गेले. बैलगाडी उतरेल एवढा खड्डा पडला. चार दिवस वस्तीचे दूध डेअरीला गेले नाही. त्याच चार दिवसांत शेजारच्या घरची सून बाळंतपणाला अडली. गाडी खड्ड्याच्या पलीकडे थांबली आणि चौघांनी तिला बाजेवरून कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे नेली. त्या चौघांत आमचे बंधू होते. बाई नि बाळ दोघे सुखरूप आहेत. पण बंधू परत आले ते ओट्यावर बसून राहिले, जेवले नाहीत. एका सरीचा ऊस किती होतो, तो हिशेब त्यांनी त्या दिवशी केला असावा.

म्हणून रस्ता दुरुस्तीला मंजुरी आली की पहिला प्रश्न विचारा, गटार आणि मोरी धरली आहे का? नसेल तर वरचे डांबर पुढच्या पावसाची धन आहे. रस्ता मधे थोडा उंच आणि दोन्ही कडांना उतरता हवा. पुष्कळ ठिकाणी साईडपट्टीवर माती नि गवत साचून ती रस्त्यापेक्षा उंच होते, मग पाणी रस्त्यावरच तुंबते. ही पट्टी फावड्याने तासायला इंजिनिअर लागत नाही. मोरीच्या तोंडाचा पालापाचोळा, उसाची पाचट, प्लॅस्टिकच्या पिशव्या मे महिन्यात काढायलाही लागत नाही. रानात जायला वाट हवीच. पण तिथे आतून साफ करता येईल एवढा मोठा सिमेंटचा नळा घाला, आणि आधी ग्रामपंचायतीला विचारा.

वाहून गेलेला भराव नुसती काळी माती लोटून भरू देऊ नका. चांगला मुरूम थराथराने, पाणी मारून, रोलर फिरवून दाबला पाहिजे. उतारावर तारेच्या जाळीत दगड भरून रचलेली भिंत चांगली, कारण तिच्यातून पाणी झिरपून जाते. सिमेंटची पक्की भिंत बांधली तर तिला पाणी निघायला भोके हवीत. नाहीतर मागे साठलेले पाणीच ती ढकलून देते. नदीकाठी जिथे दर पुरात पाणी बसते, तो तुकडा काँक्रीटचा करून घेणे बरे. रस्ता उंच करा अशी मागणी मात्र जपून करा. खाली पुरेशा मोऱ्या न ठेवता भराव उंचावला तर तो धरणाच्या भिंतीसारखा पाणी अडवतो, आणि वरच्या अंगाचे रान आणखी बुडते.

आता कामाच्या पैशाचे. पंतप्रधान ग्रामसडक योजनेच्या रस्त्याला पाच वर्षे देखभाल करणे ठेकेदाराच्या करारातच असते. रस्त्याच्या तोंडाला पाटी असते, तिच्यावर तारखा लिहिलेल्या असतात. पाटी वाचा. पाच वर्षांच्या आत रस्ता उखडला तर मोबाइलवर फोटो काढा, फोटोत किलोमीटरचा दगड येऊ द्या, आणि अर्ज करून पोच घ्या. रस्ता जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकामाचा, ते ग्रामपंचायतीकडून आधी समजून घ्या. नाहीतर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत बसतो.

राहता राहिले माझ्या खात्याचे काम. रस्त्याच्या उतरत्या कडेला वाळा लावा. त्याची मुळे सरळ खाली दहा फुटांपर्यंत जातात आणि माती आवळून धरतात. ठोंब वीत-वीत अंतरावर, उताराला आडव्या ओळीत, मृगाचा पाऊस झाला की लावायचे. पहिले वर्ष जनावरांपासून राखा. पुढे पाने चरबरीत झाली की ती फारशी तोंड लावत नाहीत. मोठी दरड वाळ्याने थांबणार नाही, हेही सांगून ठेवतो. जेसीबी लावून डोंगराचा पायथा कोरून रान वाढवले असेल, तिथे तर नाहीच.

आमच्या वाडीवर आता गटार पुन्हा दोन हात रुंद आहे आणि वाटेखाली नळा आहे. ती सरी बंधूंनी स्वतः मोडली. गेल्या मृगात गटाराच्या काठाने वाळा लावला, तीनशे ठोंब. त्यातले चाळीसेक शेजारच्या शेळीने खाल्ले. तेवढे यंदा पुन्हा लावायचे आहेत.