माळ्यावरची ‘कॅसेट’ कबाडीवाल्याला देण्याआधी

घरात माळा असेल तर या रविवारी एक काम करा. जुन्या सुटकेसमागे, बंद पडलेल्या मिक्सरच्या खोक्यात हात घालून बघा. तळहाताएवढी, पिवळ्या किंवा काळ्या प्लास्टिकची चपटी ‘कॅसेट’ हाती लागली तर ती आधी बाजूला ठेवा. आमच्या गोहलपुरात कबाडीवाल्याची हाक आली की अशा वस्तू प्लास्टिकच्या भावात जातात, तुमच्याकडेही तेच होत असणार.

तिचं खरं नाव कार्ट्रिज, पण आपण सगळ्यांनी तिला कॅसेटच म्हटलं. ती चालायची ‘समुराई’ किंवा ‘लिटिल मास्टर’सारख्या मशीनवर. जपानच्या निन्टेन्डोने 1983 मध्ये फॅमिकॉम नावाचं मशीन काढलं, त्याच्या या नकला. आपल्याकडच्या बहुतेक घरांना मारिओ आणि कॉन्ट्रा भेटले ते अशाच मशीनमधून. कॅसेटवर लिहिलेलं असायचं ‘9999999 इन 1’ आणि आत मोजून चार-सहा खेळ, तेच पुन्हापुन्हा वेगळ्या नावाने! घरातल्या दादा-ताईला विचारा, अजून हसतील.

जुने खेळ जमवणारे काही जण या नकलांकडे बघून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. अस्सल फॅमिकॉम जपणारे जगात भरपूर आहेत. पण तुमच्या काकांनी पहिल्या बोनसमधून आणलेली समुराई तुमच्याशिवाय कोण जपणार?

आता थोडी काळजी. कॅसेट चालली नाही की आपण फुंकर मारायचो. ते करू नका. तोंडातली वाफ पिनांवर बसते आणि पिना गंजतात. कानकोरण्याच्या कापसावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पिना हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग लावा. बदकं मारायची बंदूक सापडली तर मात्र डबा टीव्हीही लागेल. चाप ओढला की क्षणभर पडदा काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड टिपतो. नवीन सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येतं, त्यामुळे तुमचा नेम कितीही चांगला असला तरी बदक उडूनच जातं.

कॉम्प्युटरच्या खेळांचं दुखणं वेगळं. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ 1989 मध्ये आला. जॉर्डन मेकनर यांनी स्वतः लिहिलेला त्याचा मूळ कोड हरवलाच, असं धरून चालले होते. 2012 मध्ये त्यांच्या वडिलांना घरातल्या कपाटात एका खोक्यात त्या फ्लॉपी सापडल्या. जाणकारांच्या मदतीने कोड उतरवून घेतला आणि मेकनर यांनी तो सगळ्यांसाठी खुला केला. इतका गाजलेला खेळ, आणि वाचला तो एका खोक्यामुळे.

सगळ्यांचं नशीब असं नसतं. 2023 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासानुसार तिथले 87 टक्के जुने खेळ आज बाजारात मिळतच नाहीत. आपल्याकडचे खेळ तर आणखी पटकन विसरले जातात. हैदराबादमध्ये तयार झालेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ 2009 मध्ये प्लेस्टेशन 2 वर आला होता, हे किती जणांना आठवतं? मुंबईच्या इंडियागेम्सचे बटणवाल्या फोनवरचे छोटे खेळ आठवतात का? ते फोन ड्रॉवरमध्येच पडून असतील. बॅटरी फुगली असेल तर ती काढून ई-कचऱ्यात द्या, फोन ठेवा. सीडी मिळाली तर चालू कॉम्प्युटरवर तिची कॉपी करून घ्या.

कॅसेट असो की सीडी, सोबत एक चिठ्ठी ठेवा: कोणी आणली, कुठून, साधारण कोणत्या वर्षी. आजी-आजोबांना विचारूनच लिहा, त्यांना किंमतसुद्धा आठवते! आणि मशीन लावून बघणार असाल तर हाताला लागेल तो चार्जर खुपसू नका. मशीनच्या मागे किती व्होल्ट लिहिलंय आणि प्लस-मायनस कुठे आहे ते आधी वाचा.