घर कुणाच्या जवळ?

भिवंडीत राहायचे की बाहेर पडायचे, यावर आपल्या पगारदार घरांमधून जी चर्चा चालते ती आम्हाला खोटी वाटते. चर्चेला दोन बाजू असतात. एक बाजू म्हणते, मुलांना मोकळी हवा हवी, लिफ्टची इमारत हवी, गाडी लावायला जागा हवी, तेव्हा कौशाला नाहीतर मीरा रोडला फ्लॅट घेऊ. दुसरी म्हणते, म्हाताऱ्या आईबापांना टाकून जायचे नाही, बिरादरी काय म्हणेल, इथेच राहू. पहिली बाजू 'लाइफस्टाइल'ची, दुसरी खानदानाची. दोन्ही बाजू मांडतात पुरुष, आणि दोन्हीकडे आईबाप म्हणजे त्यांचेच आईबाप. आम्ही भिवंडीच्या उर्दू शाळांत शिकवणाऱ्या बायका. आमचा पगार कर्जाच्या हप्त्यात धरला जातो, आमचे म्हणणे धरले जात नाही. आमच्या आईबापांना तर या हिशेबात रकानाच नाही.

घर बदलणे आपल्या समाजाला नवे नाही. इथल्या मोमीन विणकरांचे पूर्वज आझमगड, मऊ, बनारसकडून माग सोडून आले. मे १९७० आणि मे १९८४ च्या दंगलींत याच शहरात घरे जळाली, माणसे एका मोहल्ल्यातून दुसऱ्या मोहल्ल्यात गेली. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीनंतर हजारो कुटुंबे मुंब्र्याला आली, ती जीव वाचवायला आली, बाल्कनी बघायला नव्हे. त्या लोकांना आम्ही एका शब्दाने दोष देणार नाही. पण त्याच १९९२-९३ मध्ये भिवंडी जळाली नाही, हेही आठवावे. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला कमिट्या बसवल्या होत्या. त्या कमिट्यांत कोण बसले? जे इथेच राहत होते ते बसले. शिकलेला, दोन शब्द ठामपणे बोलू शकणारा माणूस मोहल्ल्यातून निघून गेला, तर उद्या वॉर्डात पाणी आले नाही म्हणून अर्ज तरी कोण लिहील?

आता आज निघणाऱ्यांकडे पाहू. ते म्हणतात, आम्ही निवड करतो आहोत. ही निवड केवढी आहे? ठाण्यात, कल्याणात कितीतरी सोसायट्यांच्या दारात नाव सांगितले की फ्लॅट 'आत्ताच गेला' असतो. मुसलमानांना घर मिळण्यात येणारी ही अडचण २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही नोंदली गेली आहे. म्हणजे उरले काय? कौसा, नयानगर आणि कल्याणातले ठरावीक मोहल्ले. एका मोहल्ल्यातून उठायचे आणि दुसऱ्या मोहल्ल्यात बसायचे, फरक लिफ्टचा. पक्क्या इमारतीची हमीही दोन्हीकडे सारखीच. भिवंडीच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे कोसळली, चाळीसच्या आसपास माणसे गेली. मुंब्र्याजवळ शीळफाट्याच्या लकी कंपाउंडमध्ये ४ एप्रिल २०१३ रोजी बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली, ७० हून अधिक माणसे गेली.

भिवंडी फार छान आहे असे आमचे म्हणणे नाही. खाली कारखाना, वर बिऱ्हाड, अशा घरांत आम्ही वाढलो. मागांची खटखट रात्रीही थांबत नाही, कापसाची धूळ जेवणाच्या ताटापर्यंत येते, आणि कांड्या भरता भरता म्हाताऱ्या झालेल्या बायकांचा खोकला आम्ही रोज ऐकतो. माणकोली, काल्हेर, राहनाळच्या गोदामांचे कंटेनर रस्त्यावर उभे असतात. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले, तेव्हापासून खांब आणि खड्डे आम्ही बघतो आहोत. २०१६ ची नोटबंदी आणि २०१७ चा जीएसटी यांनी छोटे कारखानदार बसवले. ज्याला बाहेर पडावेसे वाटते त्याला वेड लागलेले नाही. आमचे भांडण आहे ते जाण्याराहण्याचा निर्णय कुणाच्या हिशेबाने होतो याच्याशी.

हिशेबच मांडायचा तर नीट मांडू. आमच्यातल्या बहुतेकींचे माहेर आणि सासर एकाच शहरात, कधी चार गल्ल्यांच्या अंतरावर. शाळा सुटली की येता येता अम्मीकडे डोकावायचे, तिची साखरेची गोळी घेतली का बघायचे, अब्बांचे विजेचे बिल भरायचे, भावजयीच्या कानावर दोन शब्द घालायचे आणि सासरी चहाच्या वेळेला हजर व्हायचे. हे काम कुठेच मोजले जात नाही, कारण ते 'वाटेवर' होते. घर कौशाला गेले की ही वाट संपते. नवऱ्याची आई नव्या फ्लॅटवर महिना महिना राहायला येते. तिची खोली नकाशा बघतानाच ठरलेली असते. आमची आई येते ती बरकतीची दुआ द्यायला, एकदा. जावयाच्या घरी जास्त राहणे शोभत नाही म्हणून तिन्हीसांजेला परत. मग ती आजारी पडली की आम्ही घरात विचारायचे, "अम्मी को देख के आऊं क्या?" जी बाई वर्गात साठ मुलांना गप्प बसवते, तिला आईला भेटायला परवानगी लागते.

नोकरीचेही तसेच. नवऱ्याची कचेरी ठाण्याला किंवा मुंबईला असेल तर त्याचा प्रवास कमी होतो. आमची सकाळची शाळा भिवंडीतच राहते. कौशाहून निघायचे, रिक्षाने मुंब्रा स्टेशन, लोकलने कल्याण, तिथून एसटी, कोनगाव ओलांडून भिवंडी. दिवा-वसई मार्गावर भिवंडी रोड स्टेशन आहे, पण गाड्या इतक्या मोजक्या की शाळेची वेळ त्यांच्यावर बांधता येत नाही. लोकलची गर्दी काय असते ते ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दिसले. डब्याच्या दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडून मेले. या प्रवासाआधी डबे भरायचे आणि प्रवासानंतर स्वयंपाक करायचा. दोन वर्षांत सल्ला येतोच, "इतनी तकलीफ है तो नौकरी छोड दो." लाइफस्टाइलची किंमत अशी चुकती होते.

आता खानदानवाल्यांना उत्तर. ते दीनचा हवाला देतात. द्यावा, पण पुरा द्यावा. सूरह बनी इस्राईलमध्ये मातापित्याशी भलाईने वागण्याचा हुकूम आहे, तो मुलालाही आहे आणि मुलीलाही. सासूसासऱ्यांची खिदमत सुनेवर फर्ज आहे असे हनफी फिक्हमध्ये कुठे सापडत नाही. सापडते ते उलटे. बायकोला राहायला अशी जागा देणे नवऱ्यावर वाजिब आहे जिथे त्याच्या नातेवाइकांचा दखल नसेल, निदान कुलूप लागेल अशी स्वतंत्र खोली. हा मसला जुम्माच्या बयानात आम्ही कधी ऐकला नाही. (बायकांना जुम्म्याला मशिदीत जागा नसते, तेव्हा आम्ही न ऐकल्याने काय ठरते, असे कुणी म्हणेल. लाउडस्पीकर आमच्या घरांपर्यंत पोचतो.) देशाचा कायदा बघा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात पोटगीची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर टाकली आहे. कायदा म्हणतो मुलीनेही आईबापांना सांभाळावे, समाज म्हणतो तिने विचारून जावे.

"मग तुम्हाला हवे तरी काय? एकत्र राहायचे की जुदा व्हायचे?" असे आम्हाला दरडावून विचारले जाते. जुदा हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरतात. आम्हाला वेगळा दरवाजा हवा, वेगळी चूल हवी, आणि तो दरवाजा दोन्ही घरच्या म्हाताऱ्यांपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर हवा. अशी जागा भिवंडीत मिळत नाही, म्हणतात. मिळणे अवघड आहे हे खरे. पुष्कळ इमारती विनापरवाना, कागद कच्चे, त्यामुळे बँक कर्ज देत नाही. पण कौशातल्या इमारतींचे कागद तरी किती घरांनी वकिलाला दाखवले? आणि भिवंडीत रीतसर परवानगीची इमारत असावी म्हणून महापालिकेच्या दारात किती पगारदार उभे राहिले? इथल्या आपल्या संस्थांनी शाळा काढल्या, कॉलेजे काढली, बायकांचे कॉलेजही काढले. शिकलेल्यांची एखादी गृहनिर्माण सोसायटी काढणे त्याहून अवघड नव्हते. बाहेर जाणे सोपे म्हणून तेवढेच झाले.

शाळेचीही गोष्ट यातच येते. उर्दू शाळांचे शिक्षक बाहेर गेले की त्यांची मुले तिथल्या इंग्रजी शाळेत जातात. इथे पट घसरतो, संचमान्यतेत तुकडी जाते, कुणीतरी अतिरिक्त ठरते. मग हेच शिक्षक स्टाफरूममध्ये उर्दूचे काय होणार म्हणून हळहळतात. त्यांच्या हळहळीला आम्ही आता उत्तरही देत नाही.

राहता राहिला कागद. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात घर बाईच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पगार दोघांचा असलेल्या आमच्या ओळखीच्या घरांत ही सवलत सगळ्यांना पाठ आहे, आणि घेतलीही जाते. नाव आमचे लागते, सह्या आमच्या लागतात, हप्ता आमच्या पगारातून कापला जातो. सुट्टी लागली की पुन्हा फ्लॅट बघणे सुरू होईल. आमच्या बहिणींना एवढेच सुचवायचे आहे की सही करण्याआधी त्या जागेपासून शाळेपर्यंत आणि माहेरापर्यंत एकदा सकाळी सहाला एकटीने निघून पोचून बघावे, लागलेला वेळ आणि भाडे लिहून काढावे, आणि तो कागद घरात सगळ्यांसमोर वाचावा. दलाल तेव्हाही विचारील, "साहब नहीं आए?"